पहिलं पीठ

नलिनी वारली रविवारी. तिच्या वाचकांना कळलं ते गुरुवारी.

त्या गुरुवारी विलास काळोखे गिरणीतच होता. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा दळण बरं, म्हणून त्याने शटर वर केलं होतं. बार्शीच्या त्या गल्लीत आता बायका डबे घेऊन येत नसत. गुडघ्याएवढी एक बिनमाणसाची गाडी घरोघरचे डबे गोळा करून आणायची. डब्यावर चिठ्ठी असायची, 'ज्वारी, बारीक'. दळून झालं की गाडी डबे परत घेऊन जायची. त्यामुळे सांत्वनाला थांबणारं कोणी नव्हतं. नलिनीचा फोन फळीवर पडला होता, तो दुपारपासून वाजायला लागला.

'बरणीताई, आजचा भाग?'

'बरणीताई, गुरुवार आहे. छळू नका.'

'मंदा माईक हातात घेऊन आठवडाभर उभी आहे. हात दुखले असतील तिचे.'

विलासने पिठाचे हात लुंगीला पुसले आणि एका बोटाने लिहिलं, 'ती गेली. मी तिचा नवरा.'

लगेच उत्तर आलं, 'कुठे गेल्या? कधी येतील?'

मग त्याला पुन्हा लिहावं लागलं. 'वारली.' फोन थोडा वेळ गप्प राहिला आणि नंतर असा सुरू झाला की त्याने तो ज्वारीच्या पोत्याखाली ठेवून दिला.

बायको काहीतरी लिहिते हे त्याला माहीत होतं. काय लिहिते हे मोघम माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर 'वळणावरचा डेपो' नावाची मालिका लागायची. घाटातल्या एका एसटी डेपोत दिगंबर नावाचा कमी बोलणारा मेकॅनिक होता आणि माईकवर गाड्या पुकारणारी मंदा होती. दोघांचं जमणार असं सगळ्यांना वाटत असताना वाहिनीच बंद पडली आणि मालिका मध्येच तुटली. बघणाऱ्यांची हौस मात्र तुटली नाही. ते लोक 'कोठार' नावाच्या एका संकेतस्थळावर जमले आणि त्याच दोघांच्या कथा आपापल्या लिहायला लागले. नलिनी त्यांतली एक. तिथे तिचं नाव होतं 'लोणच्याची बरणी'. तिने दिगंबर-मंदाच्या तीनशेच्या वर कथा लिहिल्या. माणसं तीच, डेपो तोच.

"लावून टाक की एकदाचं लग्न त्यांचं," विलास जेवताना म्हणायचा.

"लावलं की मग तुम्ही मला काय चिडवणार?" ती म्हणायची आणि ताटात भाकरी टाकायची.

दोघांचं या विषयावरचं बोलणं एवढंच.

*

वर्ष भरत आलं. भटजींनी श्राद्धाची तिथी सांगितली, त्याच आठवड्यात लातूरहून एक बाई आली. चाळिशीची, पाठीला पिशवी, डोळ्यांखाली जाग्रण.

"काका, मी अनघा तांबट. कोठार मी सांभाळते."

"धान्याचं?"

"नाही हो. कथांचं. नलूताई लिहायच्या ते."

"बसा मग. पंखा लावला तर पीठ उडेल, न लावला तर उकडेल. काय करू?"

"उडू दे," ती म्हणाली.

तिने जे सांगितलं ते समजायला विलासला दोन कप चहा लागले.

काही वर्षांपूर्वी यंत्रं कथा लिहायला लागली. एखाद्याने सांगायचा अवकाश, दिगंबर-मंदाच्या शंभर कथा पडायच्या. कोठारासारखी सगळी ठिकाणं त्या कथांखाली बुडायला लागली. मग त्यावर उपाय म्हणून चाळणी आली. चाळणी हेही यंत्रच, पण लिहिणारं नव्हे, ओळखणारं. कथा आली की ते जणू पुढच्या शब्दांवर हात ठेवून वाचतं. एक शब्द वाचायचा, पुढचा कोणता असेल ते ओळखायचं, मग हात सरकवून बघायचं. ओळखलेला शब्द करडा, चुकलेला काळा. शंभरात निदान तीस शब्द काळे निघाले तर कथा ताजी. नाही तर शिळी, परत जा. यंत्राने लिहिलेली कथा यात हमखास अडकायची, कारण यंत्राला जे सुचतं तेच यंत्राला ओळखता येतं.

"अडकायची माणसांचीही," अनघा म्हणाली. "त्याच दोघांवर वर्षानुवर्षं लिहिलं की हात वळणावर पडतो. पावसात अडकले, एका छत्रीत आले, ताप आला, कपाळावर पट्ट्या. आमच्यातले निम्मे त्यातच अडकले. नलूताईंची एकही कथा कधी परत आली नाही. त्यांच्या कथांत निम्मे शब्द काळे असायचे."

"मग आता काय झालं?"

अनघा कप खाली ठेवून म्हणाली, "आता मी माती खाल्ली."

नलिनी गेल्याचं कळल्यावर अनघाने सगळ्यांना हाक दिली होती. बरणीताईंना श्रद्धांजली म्हणून प्रत्येकाने त्यांच्यासारखी एक कथा लिहायची. लोक तुटून पडले. नलिनीच्या कथा माईकवरच्या पुकाऱ्याने सुरू व्हायच्या, त्यांच्याही झाल्या. नलिनीची मंदा दिगंबरला नावाने कधी हाक मारत नसे, 'ओ पानेवाले' म्हणायची, त्यांच्याही मंदा तसंच म्हणाल्या. रडत रडत, मनापासून, हजारांवर लोकांनी नलिनीसारखं लिहिलं. चाळणीने ते सगळं वाचलं. चाळणी शिकते ती आलेल्या प्रत्येक कथेवरून.

"वर्षाकाठी ती जुन्या कथाही पुन्हा चाळते," अनघा म्हणाली. "या वेळी नलूताईंच्या सगळ्या करड्या निघाल्या. नक्कल म्हणून. महिन्याभरात त्यांचं कपाट, म्हणजे तिथल्या त्यांच्या सगळ्या कथा, उतरवणार. म्हणजे ते कोणाला दिसणार नाही, शोधून सापडणार नाही."

"अहो, पण तिने आधी लिहिलंय."

"तारीख तिला कळत नाही, काका. आत गेलं की सगळं एक होतं."

हे विलासला लगेच कळलं. पिठात हात घालून कोणता दाणा आधी पडला ते कोण सांगणार?

"त्या हजार जणांना सांगा, काढून घ्या म्हणावं."

"काढूनही उपयोग नाही. शिकलेलं जात नाही तिचं. चाळणी बाहेरच्यांची आहे, सगळ्यांना मिळून एकच. आम्ही अर्ज केला, पोच आली, उत्तर नाही आलं." मग ती जरा पुढे सरकली. "एक वाट आहे. ज्या लेखकाची कथा चालू आहे त्याच्या कपाटाला हात लावत नाहीत. चालू म्हणजे वर्षातून एक तरी नवा भाग आला पाहिजे, आणि तो चाळणीतून पडला पाहिजे. नलूताईंची शेवटची कथा अर्धी आहे. दिगंबरची बदली झालीय, तो गाडीत बसलाय आणि मंदाने ती गाडी पुकारायला माईक हातात घेतलाय. तिथेच थांबलंय."

"मग लिहा की तुम्ही."

"लिहिलं. मी लिहिलं, अजून दहा जणांनी लिहिलं. सगळं करडं. आम्ही नलूताईंसारखं लिहायला इतके चांगले शिकलोय की आता आम्हाला दुसरं काही येत नाही." ती हसली, पण ते हसणं टिकलं नाही. "वारसालाही लिहिता येतं, असा नियम आहे. तुम्ही कधी काही लिहिलंय?"

"डब्यावर नावं," विलास म्हणाला.

*

त्याने लिहायचं ठरवलं. अनघाचा शब्द मोडवेना हे एक कारण. दुसरं कारण त्याने कोणाला सांगितलं नाही. फोन पोत्याखाली ठेवला त्या दिवसापासून त्याने नलिनीचं काही वाचलं नव्हतं. वाचू कधीतरी, कुठे पळून जातंय, असं त्याला वाटत होतं. आता ते पळून जायला निघालं होतं.

पहिला भाग त्याने तीन दिवसांत लिहिला. मंदाच्या हातून माईक खाली पडतो. गाडी निघून जाते. मंदा रिकाम्या बाकावर बसते. तिला घास जात नाही, घर खायला उठतं, अंथरुणाची एक बाजू थंड लागते. विलासने जे स्वतःवर गुजरलं तेच प्रामाणिकपणे मंदाच्या नावावर घातलं. लिहिताना त्याला दोनदा उठून तोंड धुवावं लागलं.

चाळणीने पान परत पाठवलं. सबंध पानात चारच शब्द काळे होते, बाकी सगळं राखेच्या रंगाचं.

त्याने अनघाला फोन लावला. "तुझं यंत्र बिघडलंय." दुःखाच्या भरात तो 'अहो'वरून 'अगं'वर आला होता, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "अगं, हे खरं आहे सगळं. माझ्यावर झालंय."

"माहीत आहे, काका."

"मग त्याला कसं आधीच माहीत?"

"सगळ्यांवर तसंच होतं ना," अनघा म्हणाली. "आणि सगळ्यांनी ते लिहून ठेवलंय."

विलासने फोन ठेवला. त्याला राग आला होता. आपल्या बायकोच्या मरणाचं दुःख एका चाळणीला आधीच पाठ असावं, हे त्याला अपमानासारखं वाटलं. चार काळे शब्द कोणते ते त्याने चष्मा लावून पाहिलं. 'झाकण उलटं लावलेला डबा' असे ते चार शब्द होते. ते कुठून आले होते ते त्यालाही आठवेना.

मग पंधरा दिवस तो लिहिण्याच्या वाटेला गेला नाही. दळण घालायचं, स्टुलावर बसायचं आणि नलिनीच्या कथा वाचायच्या, पहिलीपासून, ओळीने.

पहिल्या वीस-पंचवीस कथा, चाळणी यायच्या आधीच्या, त्याला सामान्य वाटल्या. छत्री होती, ताप होता. पुढे काहीतरी बदललं. एका कथेत डेपोचा भोंगा बिघडतो आणि मंदा दिवसभर फलाटावरून पळत पळत गाड्या पुकारते. त्या दोघांचं एक अक्षर बोलणं होत नाही. एका कथेत कोणाचं तरी कांद्याचं पोतं चुकीच्या गाडीत जातं आणि ते शोधण्यातच कथा संपते. एका कथेत दिगंबरचा चष्म्याचा नंबर वाढतो आणि तो कबूल करत नाही. प्रेमाचं नाव नाही. पण वाचून झाल्यावर या माणसाला ती बाई हवी आहे हे विलासला न सांगता कळायचं. पंचवीसनंतरची प्रत्येक कथा एखाद्या बिघाडाने सुरू होत होती.

संध्याकाळी गिरणीच्या दारात चहा आणून नलिनी विचारायची, "आज काय बिघडलं?" रोज विचारायची. पट्टा तुटला, मोटर तापली, पांडे वकिलांच्या बेसनात खडे निघाले, काय असेल ते तो सांगायचा. ऐकून ती जायची. आपली चौकशी करते, असं त्याला वाटायचं. आता तो हिशेब लागेना. ती त्याची चौकशी करत होती की दिगंबरची, हे विचारायला ती नव्हती.

त्याने अनघाला पुन्हा फोन केला. "नवीन माणसांना नलू काही सांगायची का? लिहायचं कसं वगैरे?"

"एकच सांगायच्या. पहिलं पीठ टाकून दे. आम्हाला वाटायचं स्वयंपाकातलं काहीतरी असेल."

विलास फोन घेऊन गिरणीच्या दगडापाशी गेला.

"काका?"

"स्वयंपाकातलं नाही," तो म्हणाला. "दळून दळून दगड गुळगुळीत होतो. मग तो धान्य नुसतं रगडतो, दळत नाही. तेव्हा छिन्नीने त्याला पुन्हा टाकी लावावी लागते, म्हणजे खाचा पाडाव्या लागतात. टाकी लावल्यावर जे पहिलं पीठ येतं त्यात दगडाची कच असते. दिसायला पीठच, पण दाताखाली करकरतं. ते गिऱ्हाइकाला देत नाहीत. ते ओतून द्यायचं आणि मग दळायला घ्यायचं." मग तो म्हणाला, "मी ते लिहिलं ना, अंथरुणाची बाजू थंड वगैरे, ते पहिलं पीठ."

"ते खोटं नव्हतं, काका."

"खोटं कोण म्हणतंय? ओतून द्यायचं, एवढंच."

*

दुसऱ्या वेळी त्याने मंदाला काय वाटलं याचा विचारच केला नाही. आज डेपोत काय बिघडलं, एवढंच स्वतःला विचारलं. आणि त्याला आठवली ती गिरणीतलीच एक गोष्ट.

नलिनीला गिरणी चालू करता यायची, बंद करता यायची नाही. बंद करताना आधी दगड सैल करावा लागतो, मग बटण. नाही तर दगड एकमेकांना धरून बसतात. तो बाहेर गेला असला की ती हौसेने दळण घालायची आणि मग गल्लीच्या तोंडाशी येऊन ओरडायची, "अहो, या! बंद करा ही!" सगळी गल्ली हसायची. तो तणतणत यायचा आणि बंद करायचा. शिकवीन शिकवीन म्हणत त्याने शिकवलं नाही. हाक मारलेली त्याला आवडायची, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं आणि स्वतःलाही आत्ताच सांगत होता.

त्याने लिहिलं ते असं. मंदा माईकवर दिगंबरची गाडी पुकारते. न अडखळता, वेळेवर, फलाट क्रमांकासकट. गाडी जाते. तास-दीड तासाने तिच्या लक्षात येतं की कार्यशाळेतला हवा भरायचा पंप अजून चालूच आहे. दिगंबर जाताना बंद करायला विसरला. ती जाऊन बघते. पंप थडथडतोय, काटा तांबड्या रेघेकडे सरकतोय. त्यावर चार कळा, दोन चाकं. चालू करताना तिने त्याला शेकडो वेळा पाहिलंय. बंद करताना कधी पाहिलं नाही, कारण तेव्हा ती माईकवर असायची. ती चहावाल्याला विचारते, त्याला माहीत नाही. पोरगेला कंडक्टर म्हणतो, "वायर उपटा." ती म्हणते, "तुझी उपटीन." शेवटी ती खोलीत परत येते, माईक सुरू करते आणि गाड्या पुकारते त्याच आवाजात म्हणते, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कार्यशाळेतील पंप बंद कसा करावा हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी नियंत्रण कक्षात यावे." ती हे तीन वेळा पुकारते. ज्याला ठाऊक आहे त्याची गाडी घाटाचं शेवटचं वळण उतरून गेलेली असते.

भाग इथे संपला.

मुदतीच्या दोन दिवस आधी त्याने तो चाळणीत टाकला आणि डबे भरायला गेला. परत येऊन पाहिलं तर पान काळंभोर होतं.

अनघाचा फोन आला तेव्हा ती आधी नुसती नाक ओढत होती. मग म्हणाली, "तुझी उपटीन म्हणते? आमची मंदा असं बोलत नाही हं, काका."

"तुमची बोलत नसेल," विलास म्हणाला. "चालू झाली का कथा?"

"चालू झाली. कपाट राहिलं."

*

त्यानंतर दर वर्षी असंच चालतं. भटजी तिथी सांगतात, अनघा तारीख सांगते.

दुसऱ्या वर्षी जरा पंचाईत झाली. विलासचा पंप लोकांना इतका आवडला की कोठारात जागोजागी पंप सुरू झाले. कोणाच्या कथेत पंखा बंद होईना, कोणाच्या कथेत नळ. विलासने अनघाला सांगितलं, "त्यांना म्हणावं, माझ्यावर प्रेम करा, पण माझ्यासारखं लिहू नका. एकीला असंच घालवत होतात." अनघाने तशी पाटी लावली. काहींनी ऐकलं. काहींना ऐकता आलं नाही, कारण आवडत्या माणसासारखं बोलण्याची सवय सुटत नाही. त्या वर्षी विलासला पंपाच्या आसपास फिरकता आलं नाही आणि त्याने भाग लिहिला तो डेपोतल्या पाण्याच्या टाकीत पडलेल्या एका चपलेवर.

दर वेळी पहिलं पान रडकं येतं. तो ते लिहितो. लिहिल्याशिवाय पुढचं येत नाही, हे आता त्याला कळलं आहे. मग ते पुसून टाकतो आणि विचारतो, आज काय बिघडलं?

गिरणी अजून चालते. गेल्या उन्हाळ्यात अनघा आली होती, तेव्हा त्याने तिला गिरणी बंद करायला शिकवलं. आधी दगड सैल, मग बटण. तिला दुसऱ्या प्रयत्नात जमलं.

"काका, वाचक मागे लागलेत," ती हात झटकत म्हणाली. "म्हणतात, काकांनी आता तरी लावावं."

"काय?"

"लग्न."

"लावलं की कथा पूर्ण होते ना?"

"होते."

"आणि पूर्ण झाली की?"

"मग ती चालू राहत नाही," अनघा म्हणाली. गाडी डबे घेऊन दारात आली होती. विलासने वरचा डबा उचलला, झाकण काढलं, आतली ज्वारी बोटांतून सोडून पाहिली.

दिगंबर घाटाखालच्या डेपोत आहे. मंदा वरच्या डेपोत आहे. दोघांचं लग्न लावायचं राहिलं आहे.